फवारणीमुळे नव्हे, सोरायसिसमुळे लाल होणारा डोळा

वाचकाचे पत्र

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. ह्यांचे वय 41 आहे. कोपरांवर आणि डोक्यात 12 वर्षांपासून सोरायसिसचे चट्टे आहेत. दोन वर्षांपासून सकाळी उठल्यावर ह्यांच्या टाचा दुखतात, कंबर आखडते आणि मागच्या दिवाळीपासून उजव्या पायाचे एक बोट सुजलेले आहे. वाताची रक्ततपासणी केली, ती निगेटिव्ह आली, म्हणून दुखेल तेव्हा वेदनाशामक गोळी घेऊन भागवतो. यंदा ऑक्टोबर छाटणीनंतर ह्यांचा डोळा तीन वेळा लाल झाला, कधी डावा, कधी उजवा. फवारणीमुळे होते असे सगळे म्हणतात. मेडिकलमधून थेंब आणले की चार दिवसांत उतरते. या वेळी मात्र उजेड सहन होत नाही आणि डाव्या डोळ्याने धूसर दिसते. परवा सांगलीला त्वचारोगतज्ज्ञांनी आपणहून डोळ्यांची चौकशी केली आणि चट्टे, सांधे आणि डोळे हे एकाच आजाराचे असू शकते, असे ते म्हणाले. हे खरे आहे का? नजर जाईल का? उपचारांचा खर्च आम्हाला पेलेल का? आणि आमच्या मुलीलाही हे होईल का?

उत्तर

ताई, आपले बाकीचे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांच्या उत्तरांसाठी थांबू नका. डोळा लाल आहे, उजेड सोसत नाही आणि नजर धूसर झाली आहे, ही तिन्ही लक्षणे एकाच वेळी असताना यजमानांना आजच, फार तर उद्या सकाळी, नेत्रतज्ज्ञांकडे न्या आणि ‘स्लिट लॅम्पवर डोळा तपासा, यांना सोरायसिस आहे आणि सांधेही दुखतात’ हे वाक्य तपासणीच्या आधीच सांगा. स्लिट लॅम्प म्हणजे डोळा मोठा करून आतपर्यंत दाखवणारी, प्रकाशाची बारीक फट टाकणारी दुर्बीण. घरात उरलेले थेंब तोपर्यंत घालू नका, पण ती बाटली मात्र सोबत न्या, कारण आतापर्यंत डोळ्यात नेमके काय गेले आहे हे डॉक्टरांना कळणे गरजेचे आहे.

तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांनी जो प्रश्न विचारला तो अगदी योग्य होता, आणि त्यांनी तो विचारला याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आपल्याकडे कातडीचे डॉक्टर एका इमारतीत, हाडांचे दुसऱ्या आणि डोळ्यांचे तिसऱ्या इमारतीत बसतात, आणि रुग्ण प्रत्येक ठिकाणी आपल्या आजाराचा एकच तुकडा सांगतो. मी स्वतः डोळ्यांची डॉक्टर असूनही दुखरा लाल डोळा घेऊन आलेल्या माणसाची नखे, कोपरे आणि केसांच्या मुळाशी असलेली कातडी पाहते आणि सकाळी कंबर आखडते का हे विचारते. कित्येकांना तो प्रश्न अस्थानी वाटतो, पण उत्तर पुष्कळदा तिथेच मिळते.

आता मूळ विषय. सोरायसिस असलेल्यांपैकी साधारण 20 ते 30 टक्के लोकांना पुढे सांध्यांचा दाह होतो आणि त्याला सोरायटिक संधिवात म्हणतात. बहुतेकांत चट्टे आधी येतात आणि सांधे काही वर्षांनी, अनेकदा 7 ते 10 वर्षांनी, धरतात. थोड्या लोकांत मात्र क्रम उलटा असतो. तुम्ही वर्णन केलेली चिन्हे या आजाराच्या ओळखीची आहेत: पायाचे एकच बोट मुळापासून टोकापर्यंत सरसकट सुजणे, टाचेला जिथे कंडरा हाडाला चिकटते तिथे दुखणे, आणि कंबरेचे असे आखडणे की जे विश्रांतीने वाढते व हिंडल्या-फिरल्याने सुटते. यजमानांच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का, किंवा नख टोकाकडून सुटून पिवळसर झाले आहे का, हे पाहून घ्या. नखांचा असा सोरायसिस असलेल्यांत सांधे धरण्याचे प्रमाण जास्त आढळते.

रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून वात नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्यापायी दोन वर्षे गेली याचे मला फार वाईट वाटते. आरए फॅक्टर ही तपासणी आमवाताच्या वेगळ्या प्रकारासाठी, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी, उपयोगी पडते. सोरायटिक संधिवातात ती बहुतेक रुग्णांत निगेटिव्हच येते. इतकेच नव्हे, तर ईएसआर आणि सीआरपी या दाह मोजणाऱ्या तपासण्याही काही रुग्णांत सांधे सुजलेले असताना नॉर्मल राहतात. या आजाराचे निदान एका कागदावरच्या आकड्याने होत नाही. चट्टे, नखे, बोटे, टाचा, कंबर आणि घराण्यातला इतिहास एकत्र पाहणारा संधिवाततज्ज्ञच ते करू शकतो.

आणि डोळा? डोळ्याच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेले एक मधले आवरण असते. बुबुळात दिसणारा रंगीत पडदा हा त्याचाच समोरचा भाग. या आवरणाला दाह झाला की त्याला युव्हायटिस म्हणतात आणि दाह समोरच्या भागापुरता असेल तर आयरायटिस असेही म्हणतात. कातडी, कंडरा आणि हा पडदा हे अवयव दिसायला कितीही वेगळे असले तरी तिथे दाह पेटवणारी रसायने बऱ्याच अंशी सारखीच असतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-17 आणि इंटरल्युकिन-23 ही त्यांपैकी सर्वाधिक अभ्यासलेली. रोगप्रतिकारशक्तीच हा दाह पेटवते, म्हणून तो एका जागी शांत केला तरी दुसऱ्या जागी उठू शकतो. एचएलए-बी27 हे जनुक असलेल्यांत, विशेषतः ज्यांच्या कण्याला आणि कंबरेच्या तळाच्या सांध्यांना दाह झालेला असतो त्यांच्यात, डोळ्याचा दाह अधिक दिसतो.

हा संबंध अलीकडे लागलेला शोध नाही. इंग्लंडमधील लीड्स येथे 1976 साली सोरायटिक संधिवाताच्या 112 रुग्णांचे डोळे तपासण्यात आले, तेव्हा सुमारे 31 टक्के रुग्णांत डोळ्याचा कोणता ना कोणता दाह आढळला; त्यात डोळ्याच्या वरच्या पातळ पटलाचा दाह सुमारे 20 टक्क्यांत आणि आतल्या रंगीत पडद्याचा दाह सुमारे 7 टक्क्यांत होता. पुढे डेन्मार्कमध्ये संपूर्ण देशाच्या आरोग्य नोंदी तपासून 2015 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो असे दिसले: सोरायसिस आणि सोरायटिक संधिवात असलेल्यांना युव्हायटिस होण्याची शक्यता वाढते, तशीच आधी युव्हायटिस झालेल्यांना पुढे सोरायसिस आणि सोरायटिक संधिवात होण्याचीही वाढते. म्हणजे आपल्या त्वचारोगतज्ज्ञांना जे सुचले त्याला भक्कम आधार आहे. यजमानांना युव्हायटिसच आहे असे मी पत्रावरून छातीठोकपणे सांगू शकत नाही, तसे सांगणे योग्यही होणार नाही, परंतु आपण लिहिलेली हकीकत वाचल्यावर प्रथम तीच शंका मनात येते.

फवारणीचा संशय येणे स्वाभाविक आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारण्यांना खंड नसतो, बोर्डो मिश्रण, गंधक आणि इतर औषधे डोळ्यात उडतातच. पण तशी जळजळ सहसा दोन्ही डोळ्यांना एकदमच होते, फवारणीनंतर काही तासांतच सुरू होते, डोळ्यांतून पाणी येते आणि स्वच्छ पाण्याने धुतल्यावर एक-दोन दिवसांत ती ओसरते. साथीत डोळे येतात तेव्हा चिकट घाण येते, पापण्या सकाळी चिकटतात, खुपते, पण घाण पुसली की नजर स्वच्छ असते. युव्हायटिसचे दुखणे याहून निराळे आहे. ते खोल असते, भुवईपर्यंत ठणकते, बहुधा एका वेळी एकाच डोळ्यात असते, लाली बुबुळाच्या कडेला गोलाकार अधिक गडद दिसते, चिकट घाण येत नाही, आणि उजेड नकोसा होतो. एक खूण नेत्रतज्ज्ञ आवर्जून पाहतात: चांगल्या डोळ्यावर बॅटरीचा प्रकाश टाकला तरी झाकलेला दुखरा डोळा दुखतो, कारण दोन्ही बाहुल्या एकदम आकुंचन पावतात आणि दाह झालेला पडदा ओढला जातो. ही माहिती घरी निदान करण्यासाठी नव्हे, तर पुढच्या वेळी ‘फवारणीचेच असेल’ म्हणून दिवस घालवू नयेत यासाठी लिहिली आहे.

मेडिकलमधल्या थेंबांविषयी मला थोडे कठोर लिहावे लागेल. चार दिवसांत ज्याने लाली उतरली त्या बाटलीत बहुधा प्रतिजैविकाबरोबर स्टिरॉइड मिसळलेले असावे. अशी मिश्रणे आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सहज मिळतात. युव्हायटिसवर स्टिरॉइडचे थेंब हेच योग्य औषध आहे हे खरे, पण ते पुरेशा ताकदीने सुरू करावे लागते आणि आठवड्यांमागून आठवडे हळूहळू उतरवत न्यावे लागते. चार दिवस घालून एकदम बंद केले की दबलेला दाह पुन्हा उसळतो. यजमानांचा डोळा तीनदा लाल झाला तो तीन वेगळ्या कारणांनी झाला नसून, दरवेळी अर्धवट राहिलेल्या एकाच दाहाने झाला असण्याची शक्यता आहे. शिवाय स्टिरॉइडने काही लोकांत डोळ्याचा दाब वाढतो, आणि तो वाढताना काहीही दुखत नाही. शेतकऱ्यांच्या बाबतीत याहून मोठा धोका आहे. उसाचे पान किंवा द्राक्षाची काडी लागून बुबुळाला बुरशीची जखम झालेली असेल, किंवा हर्पीस विषाणूचा व्रण असेल, तर तेच थेंब बुबुळ काही दिवसांत निकामी करू शकतात. बाहेरून तिन्ही डोळे सारखेच लाल दिसतात आणि दुकानाच्या काउंटरवरून त्यांतला फरक कुणालाही कळत नाही. तो केवळ स्लिट लॅम्पखाली कळतो. म्हणून हे थेंब आपल्या मनाने पुन्हा कधीही घेऊ नका, शेजाऱ्यांनाही देऊ नका.

नजर जाईल का, हा आपला खरा प्रश्न आहे. वेळेवर आणि पुरेसा उपचार झाला तर बहुतेक रुग्णांची नजर टिकते, हे मी विश्वासाने सांगते. नजर जाते ती दुर्लक्षाने आणि पुन्हा पुन्हा उठणाऱ्या दाहाने. दाह झालेला रंगीत पडदा मागच्या भिंगाला ओल्या काचेला कागद चिकटावा तसा चिकटतो, मग बाहुली वेडीवाकडी होते आणि आतल्या द्रवाचा मार्ग अडला तर काचबिंदू होऊ शकतो. वारंवार दाह आणि दीर्घकाळ स्टिरॉइड या दोन्हींमुळे कमी वयात मोतीबिंदू येतो. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यबिंदूवर सूज आली तर वाचताना अक्षरे वाकडी किंवा फिकी दिसतात. डाव्या डोळ्याची धूसरता यांपैकी कशामुळे आहे, की केवळ समोरच्या कप्प्यात तरंगणाऱ्या दाहपेशींमुळे, हे तपासणीत ठरेल. बाहुली मोठी करून मागचा पडदा पाहा आणि डोळ्याचा दाब मोजा, असे आपण स्पष्ट म्हणा.

सोरायटिक संधिवातातल्या युव्हायटिसची आणखी एक तऱ्हा ध्यानात असू द्या. ज्या रुग्णांच्या कण्याला दाह आहे त्यांच्यात तो प्रायः अचानक, एका डोळ्यात आणि समोरच्या भागात येतो. परंतु काही रुग्णांत तो हळूहळू, दोन्ही डोळ्यांत, मागच्या भागापर्यंत पसरतो आणि फारशी लाली न दाखवता महिनोन्महिने चालू राहतो. त्यामुळे डोळा पांढरा झाला म्हणजे बरा झाला असे धरू नका. डॉक्टर सांगतील त्या दिवशी तपासणीला जाणे हे थेंब घालण्याइतकेच आवश्यक आहे.

उपचार साधारण असे चालतात. प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइडचे थेंब पहिले काही दिवस जागेपणी दर तासाला आणि मग दाह उतरेल तसे कमी करत साधारण सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटचे औषध बाटलीच्या तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी बाटली नीट हलवून मगच थेंब घाला. ही साधी गोष्ट न केल्यामुळे पुष्कळांच्या डोळ्यात पहिले काही दिवस नुसते पाणीच जाते. सोबत बाहुली मोठी ठेवणारे थेंब देतात, त्यांनी वेदना कमी होते आणि पडदा भिंगाला चिकटत नाही. त्या थेंबांनी जवळचे दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही, तेव्हा त्या काळात यजमानांनी मोटारसायकल व ट्रॅक्टर चालवू नये. पुन्हा पुन्हा दाह उठत असेल किंवा सांध्यांचा आजार जोरात असेल तर पोटातून घ्यायच्या औषधाची वेळ येते, आणि इथे नेत्रतज्ज्ञ व संधिवाततज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलणे अपरिहार्य ठरते.

ते का, हे नीट सांगते, कारण या साऱ्या उत्तरातला हाच भाग मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. कातडीसाठी किंवा सांध्यांसाठी उत्तम असलेले औषध डोळ्यासाठी उत्तम असतेच असे नाही. मेथोट्रेक्सेट हे जुने आणि स्वस्त औषध चट्टे, सांधे आणि डोळे या तिन्हींवर काम करते. ते पुरेसे न पडल्यास बायोलॉजिक इंजेक्शने, म्हणजे वर सांगितलेल्या दाहाच्या रसायनांना नेमके अडवणारी औषधे, वापरतात. त्यांपैकी अ‍ॅडॅलिमुमॅब सांध्यांबरोबर डोळ्यालाही आवर घालते आणि 2016 पासून युरोप-अमेरिकेत त्याला युव्हायटिससाठी अधिकृत मान्यता आहे. एटानरसेप्ट त्याच कुळातले, सांध्यांना गुणकारी, पण डोळ्याच्या दाहात भरवशाचे नाही. सेक्युकिनुमॅब चट्ट्यांवर सुंदर परिणाम देते, तरी युव्हायटिसवरच्या मोठ्या चाचण्यांत ते अपेक्षेला उतरले नाही. समजा संधिवाततज्ज्ञांना डोळ्याची हकीकत कुणी सांगितलीच नाही, तर ते त्यांच्या दृष्टीने बिनचूक औषध निवडतील आणि डोळा तरीही पेटत राहील. म्हणून एकच जाड फाइल करा. तिच्यात पहिल्या पानावर चट्टे कधी आले, सांधे कधी धरले, डोळा कोणत्या तारखेला कोणत्या बाजूचा लाल झाला आणि तेव्हा काय घातले हे लिहा, आणि तीच फाइल तिन्ही डॉक्टरांसमोर ठेवा. यंदाच्या तीन वेळांच्या तारखा आठवत नसतील तर फवारणीच्या वहीवरून लागतील.

औषधांबद्दल दोन इशारे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतू शकते, म्हणून वार ठरवा, तो कॅलेंडरवर लिहा आणि गोळी आपण स्वतःच्या हाताने द्या. त्याबरोबर फॉलिक अ‍ॅसिड देतात, ठराविक काळाने रक्त आणि यकृताची तपासणी करतात आणि दारू पूर्ण वर्ज्य असते. दुसरे, वातावर रामबाण म्हणून बिनलेबलच्या पुड्या विकणाऱ्यांपासून दूर राहा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे; त्याने आठवडाभर बरे वाटते, आणि ते एकदम थांबले की सोरायसिस सर्वांगावर भडकू शकतो. वेदनाशामक गोळ्याही वर्षानुवर्षे आपल्या मनाने घेतल्यास मूत्रपिंडाला इजा होते.

बायोलॉजिकच्या आधी क्षयरोगाची तपासणी, म्हणजे छातीचा एक्स-रे आणि त्वचेवरची किंवा रक्ताची चाचणी, सांगतील. ती टाळू नका. आपल्या देशात सुप्त क्षयाचे प्रमाण मोठे आहे, या इंजेक्शनांनी तो जागा होऊ शकतो, शिवाय क्षयरोग हे स्वतःच युव्हायटिसचे एक कारण आहे, त्यामुळे सोरायसिस आहे म्हणून इतर कारणे शोधायचीच नाहीत असे होता कामा नये.

खर्चाची चिंता रास्त आहे. सुदैवाने आपल्या जिल्ह्यात मिरज हे उपचारांचे जुने केंद्र आहे. तिथे 1962 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याच्या मिरज व सांगलीच्या रुग्णालयांत पहिली तपासणी अल्प खर्चात होते. थेंब आणि मेथोट्रेक्सेट महाग नाहीत. अ‍ॅडॅलिमुमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती 2014 च्या अखेरीस बाजारात आल्यापासून त्याची किंमत मूळ औषधाच्या तुलनेत बरीच खाली आली आहे, तरी ती द्राक्षाला भाव न मिळालेल्या वर्षी जड वाटेल इतकी आहेच. धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्रात 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकांना भेटा. माझे मत विचाराल तर पहिल्या तपासणीचे आणि थेंबांचे पैसे कशातूनही काढा, कारण काचबिंदू झाल्यावरचा खर्च आणि गमावलेली नजर त्याहून फार मोठी आहे.

आहाराविषयी आपण विचारले नाही, तरी गावात कुणीतरी आंबट, वांगी आणि ताक बंद करायला सांगेलच. त्याची गरज नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने सांध्यांना स्पष्ट आराम पडतो, आणि बिडी-सिगारेट असेल तर ती सोडावी. फवारणी करताना डोळ्यांभोवती घट्ट बसणारा चष्मा वापरावा, म्हणजे एक कारण तरी निश्चितपणे वजा होईल.

आता मुलीविषयी. सोरायसिसची प्रवृत्ती घराण्यात उतरू शकते, परंतु वडिलांना आहे म्हणून मुलीला होईलच असे नाही, आणि तिला कसलाही त्रास नसताना एचएलए-बी27 ची तपासणी करून घेण्याने तिच्या वाट्याला केवळ काळजी येईल. तिच्या अंगावर किंवा डोक्यात खवल्यांचे चट्टे आले, एखादा सांधा किंवा बोट सुजून काही आठवडे तसेच राहिले, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि सांध्यांच्या दाहाचे निदान झाले तर डोळे लाल नसले तरी ते स्लिट लॅम्पवर ठरलेल्या अंतराने तपासून घेत राहा, कारण लहान मुलांतला युव्हायटिस पुष्कळदा ना दुखतो, ना लाल दिसतो.